उजव्या बाजूचं दूध

शहागंजातल्या गादीवाल्यांच्या गल्लीत कुणाच्या बाळंतपणाला कोण धावून आलं, कुणाच्या मयताला कुणी डबा पाठवला आणि कुणी नुसतं तोंड दाखवून चपला घातल्या, हे विचारायचं झालं तर लोक गौहरबीकडे यायचे. तिनं आयुष्यात कधी काही लिहून ठेवलं नाही, सगळं डोक्यात. ईदेला एखाद्या घरून आलेल्या शीरखुर्म्यात खारका कमी असल्या, तर पुढच्या ईदेला त्या घरी जाणाऱ्या वाडग्यातही खारका तेवढ्याच कमी व्हायच्या. भांडण नाही, शब्द नाही, नुसतं बरोबर करून टाकायचं. तिचा नवरा शफीक म्हणायचा, "माणसाच्या दोन खांद्यांवर दोन फरिश्ते बसून त्याचं बरंवाईट लिहितात म्हणे. आमच्या घरात त्यांना काम उरलं नाही."

गौहरबी हसायची. दुसऱ्यांची खाती सांभाळणारा माणूस असंच हसतो, कारण स्वतःचं खातं उघडून बघायची त्याच्यावर वेळ आलेली नसते. तिच्यावर ती आली अन्सारच्या लग्नात.

अन्सार हा तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. तो जन्मला तेव्हा त्याची आई, अख्तरी, टायफॉइडनं अशी आडवी झाली की दूध आटूनच गेलं. गौहरबीची अजरा तेव्हा पाळण्यात होती. मग दोन्ही लेकरं एकाच मांडीवर आली. डावीकडे अजरा, उजवीकडे अन्सार. सवय अशी पडली की चुकून बाजू बदलली तर अन्सार तोंड फिरवून भोकाड पसरायचा. सासू म्हणायची, "या घरात अजून खोल्यांची वाटणी झाली नाही, पण ही झाली." पोरं मोठी झाली, अन्सारला दाढी आली, अजरा उर्दू शाळेत शिकवायला लागली, तरी तो विनोद घरात चालूच होता.

त्या घराण्याची एक रीत होती. मुलगा नवरदेव होऊन उंबऱ्याबाहेर पडण्याआधी आईकडून दूध बख्शवून घ्यायचा. आई पलंगावर बसायची, मुलगा समोर गुडघे टेकून तिच्या छातीला डोकं लावायचा, ती त्याच्यावर पदर धरायची आणि सगळ्या बायकांच्या देखत तीनदा म्हणायची, "दूध बख्शलं." म्हणजे दूध माफ केलं, त्याचं ओझं तुझ्या मानेवर ठेवलं नाही, जा. ते झाल्यावरच कपाळाला फुलांचा सेहरा बांधायचा. आणि एखाद्या आईनं बख्शलं नाही, तर त्या पोराचा संसार... इथपर्यंत बोलून गल्लीतल्या बायका वाक्य अर्धंच सोडायच्या. अन्सारला तर दोघींपुढे गुडघे टेकायचे होते. आधी जिनं जन्म दिला ती अख्तरी, मग जिनं पाजलं ती गौहरबी.

गाठ आली ती गौहरबीच्या उजव्या बाजूला.

सगळंच काढावं लागलं. मग औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले आणि येताना जरा कुरळे आले. त्या काळात अख्तरीनं काय केलं नाही? उलटीचं भांडं धरलं, पातळ मुगाची खिचडी भरवली, गौहरबीचे कपडे स्वतः धुतले, आणि कुणी भेटायला येऊन फार वेळ बसलं तर "भाबीला झोप आलीय" म्हणून त्याला उठवलं. गौहरबीनं पडल्या पडल्या सगळं मोजलं. यातलं आपण कधी आणि कसं फेडणार, याचा विचारही तेव्हाच सुरू केला. तिला तशी सवयच होती.

शफीकनं आपल्या परीनं इलाज केला. पिढ्यान्‌पिढ्या गाद्या-उशा भरणारं घर. त्यानं चांगला, बी काढलेला कापूस निवडून घेतला, मऊ मलमलीत भरला आणि हातानं बारीक टाके घालून एक इवलीशी उशी शिवली. चोळीच्या आत, उजवीकडे ठेवायला. तिच्या हातात देताना त्याची मान वर होत नव्हती. म्हणाला, "आमचा धंदाच भरायचा." ती हसली, आणि तो निघून गेल्यावर थोडं रडलीही. वस्तू प्रेमाची होती, पण कापूस शेवटी कापूसच. उन्हाळ्यात घामानं ओला व्हायचा, चालताना एका कोपऱ्यात गोळा व्हायचा.

बकरी ईदेला घात झाला. बायका गळाभेटी घेत होत्या. शेजारच्या एका धष्टपुष्ट बाईनं गौहरबीला जीव लावून मिठी मारली आणि ती उशी सरकून थेट गळ्याच्या हाडापाशी येऊन बसली. बाईची नजर एकदा वर गेली, एकदा खाली आली, आणि मग ती दुसरीकडे बघायला लागली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात आलं ते हसू होतं की बिचारी घाबरली होती, हे सांगणं अवघड. गौहरबीनं ते हसू धरलं.

त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. पलंग, भोवती बायका, अन्सारचं डोकं, आणि सरकलेली उशी.

पुढच्या तपासणीला अजरानंच डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पोटाची कातडी आणि चरबी घेऊन तिथं पुन्हा स्तन तयार करता येतो. ते करणारे सर्जन मुंबईहून ठरावीक महिन्यांतच येतात. "पण घाई काहीच नाही. हवं असेल तर करायचं, नको तर नाही. वर्षभरानं केलं तरी चालेल," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सर्जनची जवळची तारीख नेमकी अन्सारच्या निकाहला खेटून होती. ऑपरेशन करायचं तर कित्येक दिवस वाकून चालायचं, जिना चढायचा नाही, वजन उचलायचं नाही. निकाहनंतर केलं असतं तर कुणाचंच काही अडलं नसतं. पण निकाहनंतर करून गौहरबीला काय उपयोग होता?

जेवताना तिनं सगळ्यांना सांगितलं, "आत थोडं राहिलंय म्हणतात. थांबून चालणार नाही."

अजरानं ताटातल्या भाकरीकडे बघितलं. शफीक जेवण अर्धं टाकून हात धुवायला उठला. अख्तरीचा घास हातातच राहिला. मग ती म्हणाली, "लग्न कुठं पळून चाललंय, भाबी? तुमचं आधी." आणि शाबान महिन्यातला निकाह रमजान ओलांडून शव्वालमध्ये गेला.

हे स्थळ आणलं होतं अख्तरीच्या वडिलांनी, गंगापूरच्या गयासमियाँनी. पोरगी त्यांच्याच मोहल्ल्यातली, त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेली. नातवाच्या लग्नासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शेरवानी शिवायला टाकली होती. तारीख पुढे गेली तेव्हा ते फोनवर म्हणाले, "बरं झालं, बटणं बदलून घेतो." रमजानमध्ये, एका रोजाच्या दुपारी, ते वारले. रमजानमधलं मरण, नशीबवान माणूस, असं जो तो म्हणाला. अख्तरीही म्हणाली. एकदाच फक्त, चुलीपाशी, कुणाला उद्देशून नाही असं म्हणाली, "शेरवानी तयार होऊन घरी आली होती."

गौहरबी तेव्हा भिंतीला धरून वाकून चालत होती. पोटावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत टाके होते. तिनं ते वाक्य ऐकलं, ते जिथं जायचं तिथं गेलं, आणि मग हललं नाही.

गंमत अशी, की ऑपरेशन छान झालं होतं. टाके सुकल्यावर एक दिवस तिनं दार लावून नवी चोळी घातली आणि आरशापुढे उभी राहिली. दोन्ही बाजू सारख्या. पाठ आपोआप ताठ झाली, खांद्यावरून पदर पूर्वीसारखा घरंगळला. तिला हसू आलं, खरं हसू, पोरीबाळींचं. आणि लगेच आरशात तिच्या मागं खुंटीवर टांगलेली एक कोरी शेरवानी दिसली. तिथं खुंटीच नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. मग रोजचंच झालं. बरं वाटलं की गयासमियाँ आठवायचे. बरं वाटलं नाही, तर एवढं सगळं घडवून आणून वर खूशही नाही, म्हणून निराळं लागायचं. दवाखान्यातली समुपदेशक पोरगी विचारायची, "मन कसं आहे?" गौहरबी म्हणायची, "टाके सुकले."

खरं ती एकाच माणसापाशी बोलली. गंगापूरकडच्या एका खेड्यातल्या मनकर्णाबाई पहिल्या ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या खाटेवर होत्या. त्यांचीही एक बाजू काढलेली, आणि पुढं काही केलेलं नाही. तपासणीच्या दिवशी दोघींची बाकावर गाठ पडली.

"लई ताठ चालायला लागल्या की, गौहरबाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "दाखवा तरी."

"इथं?"

"इथं कशाला? पडद्यामागं. नायतरी आपलं कुणी बघितलं नाय असं आता ऱ्हायलंय काय?"

पडद्यामागं मनकर्णाबाईंनी निरखून बघितलं, बाजारात वांगं बघतात तसं, आणि बोटानं हळूच दाबलं.

"पोटाचं हाय म्हणता?"

"हौ."

"म्हंजी तुमचं पोट गेलं आन् छाती आली. माझी छाती गेली आन् पोट हाय तिथंच बसलंय." त्या स्वतःच हसल्या. मग म्हणाल्या, "बोट लावलेलं कळतंय का?"

"नाही. दिसतं तेवढंच."

"बरं वाटतंय का पण?"

"वाटतं. त्याचंच तर वाईट वाटतं." आणि गौहरबीनं तिथंच, चोळीची बटणं लावत, जेवतानाचं ते वाक्य आणि शेरवानी सगळं सांगून टाकलं. "हौसेपायी केलं मी. अख्तरीच्या बापाला लग्न दिसलं नाही."

मनकर्णाबाईंनी तिचं राहिलेलं वरचं बटण लावून दिलं. "हौस म्हणू नका. हौसेला पोट फाडून घेत नसतंय कुणी. मला बी विचारलं व्हतं डॉक्टरणीनं. मी म्हणले, नको, ऊस तोडणीला आलाय. घरचे म्हणले, लई शहाणी बाई. शहाणी कुठली? भ्याले व्हते, मागितलं तर काय म्हणतील म्हणून." मग त्या उठल्या. "पर तिला खोटं सांगितलं, ते वाईटच केलं." एवढं बोलून पिशवी काखेत मारून एसटी गाठायला निघून गेल्या. धीर देताना थोडंफार कमीजास्त करावं, ही रीत त्यांना माहीत नव्हती.

वरातीच्या आदल्या दिवशी दुपारी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, गौहरबीनं शफीकला दुकानाच्या मागच्या बाजूला गाठलं. "मी दूध बख्शायला बसणार नाही."

शफीकनं हातातला सुया-दोऱ्याचा डबा खाली ठेवला. "का?"

"तो जिथं प्यायला ते दवाखान्यात गेलं. इथं माझं पोट आहे. त्याच्यावर डोकं ठेवून घेऊ आणि बायकांपुढं तीनदा बख्शलं म्हणू?"

"त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय. आणि बख्शणारी मी कोण? मलाच कुणी बख्शायचं बाकी आहे."

"अख्तरीला काय सांगशील?"

"तबियत बरी नाही म्हणेन."

शफीकनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "तबियतीचं कारण आपलं एकदा वापरून झालंय, गौहर."

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगापूरला जायची बस गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आत वळायला जागा नव्हती. पोरं आधीच खिडक्या धरून बसली होती. आतल्या खोलीत पलंगावर नवी चादर, भोवती बायका. अन्सार गुडघ्यांवर बसला. अख्तरीनं त्याच्यावर पदर धरला, पहिल्यांदा बख्शलं म्हणाली ते नीट, दुसऱ्यांदा थरथरत, तिसऱ्यांदा शब्द कुणालाच ऐकू आला नाही. पण बायकांनी तो धरून घेतला. आईच्या बाबतीत तेवढी सूट असते. मग अख्तरी डोळे पुसत उठली आणि पलंगावरची जागा हातानं साफ केली. "या भाबी."

गौहरबी दारापाशी उभी होती. म्हणाली, "माझं राहू दे. आईनं बख्शलं ना, झालं."

"असं कसं राहू दे?"

"नक्को म्हणते ना मी."

तिला सांगायचं होतं, मी लायक नाही. पण खोलीतल्या बायकांनी जे ऐकलं ते निराळं होतं. पाजणारी बाई भर रस्मीत नाही म्हणते, याचा त्या घरात एकच अर्थ होत होता. बातमी जिन्यानं खाली उतरली, अंगणातून गल्लीत गेली आणि बसच्या खिडकीपर्यंत पोचली तेव्हा पुरती शिजून तयार होती: बड्या अम्मीनं दूध बख्शलं नाही.

अन्सार तसाच गुडघ्यांवर. त्याचा चेहरा उतरला होता. "बडी अम्मी, माझं काय चुकलं? दवाखान्यात मी कमी आलो म्हणून का? दुकान होतं..."

"नाही रे."

"मग तारीख पुढं गेली तेव्हा मी जे बोललो, ते कुणी सांगितलं तुम्हाला?"

तो काय बोलला होता, हे गौहरबीला आजवर माहीतच नव्हतं.

अख्तरीनं तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे जोरानं धरलं. तिला ओढत मागच्या कोठारात नेलं, जिथं गिऱ्हाइकांच्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या होत्या, आणि पायानं दार लोटलं.

"माझ्या पोरानं तुमचं काय केलंय, भाबी? शत्रूसुद्धा असं करत नाही आजच्या दिवशी."

गौहरबीनं सांगितलं. नीट सुरुवातीपासून सांगता आलं नाही. आधी शेरवानी आली, मग ईद, मग कापसाची उशी, मग जेवतानाचं वाक्य. पण सगळं आलं. संपल्यावर अख्तरीनं एकच विचारलं.

"डॉक्टरीण काय म्हणाली होती? तिचेच शब्द सांगा."

"घाई काहीच नाही. वर्षभरानं केलं तरी चालेल."

अख्तरी एका गुंडाळलेल्या गादीवर बसली. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"अब्बा रोज फोन करायचे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "मी सांगायचे, भाबीच्या जिवाला धोका आहे, दुआ करा. ते पहाटे उठून तुमच्यासाठी जादाची नफल नमाज पढायचे. रोजा धरून, त्या वयात. गेले त्या सकाळीसुद्धा आधी तुमचंच विचारलं, मग माझं."

हे गौहरबीच्या डोक्यातल्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. ती उभी होती तिथंच गाद्यांना टेकली. "अख्तरी, मला माफ कर."

"नाही."

गौहरबीनं मान खाली घातली.

"आज नाही. पुढं कधी ते मला माहीत नाही. आणि पुन्हा मागू नका. तुम्ही मागितलं की मला द्यावं लागतं, एवढ्या वर्षांची सवय आहे मला." अख्तरीनं पदरानं तोंड पुसलं. "पण तुमचं-माझं इथं ठेवा, या गाद्यांत. पोरगं बाहेर गुडघ्यांवर बसलंय. त्याचा यात काही संबंध नाही. चला."

"मी कशावर त्याचं डोकं टेकवू? ते दूध जिथं होतं ते राहिलंच नाही."

"दूध काय अजून तिथं साठवून ठेवलं होतं का तुम्ही?" अख्तरी तडकून म्हणाली. "ते केव्हाच त्याच्या अंगात गेलं. त्याची हाडं झाली, दाढी झाली, ते नको तिथं तोंड चालवणं झालं. दूध तिकडं बसलंय, सेहऱ्याची वाट बघत, आणि तुम्ही इथं भांडं गेलं म्हणून रडताय."

गौहरबीचा हात आपोआप उजव्या बाजूला गेला.

"कशासाठी केलंत सगळं? त्याचं डोकं टेकावं म्हणूनच ना?"

"हौ."

"मग टेकू द्या. नाहीतर माझ्या बापाची शेरवानी फुकट गेली." ती उठली, दार उघडायला निघाली, आणि मागं न बघता म्हणाली, "पदर नीट घ्या."

बायका बाजूला सरकल्या. गौहरबी पलंगावर बसली. अन्सार पुढं सरकला आणि त्यानं डोकं टेकवलं, उजवीकडेच. कुणी सांगितलं नव्हतं. गौहरबीनं पदर धरला.

तिला काही कळलं नाही. कळेल असं तिला वाटलंही नव्हतं, तरी तिनं श्वास धरून वाट बघितली. खाली त्याचे केस दिसत होते, तेल लावून चोपून बसवलेले. अत्तराचा वास येत होता. डोक्याचं वजन पाठीला जाणवत होतं. पण ज्या जागेसाठी सगळं केलं, ती जागा मुकी. मग अन्सारनं मान जरा वर केली आणि त्याच्या कानाची पाळी तिच्या गळ्याच्या हाडाला लागली, ईदेला कापूस सरकून बसला होता तिथं. तेवढं मात्र कळलं. कान गरम होता.

"दूध बख्शलं," ती म्हणाली. आणि पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाल्यावर पदराच्या आत, फक्त त्याला ऐकू जाईल असं, तिनं विचारलं, "आणि तू मला?"

"काय, बडी अम्मी?"

"काही नाही. ऊठ, बस खोळंबलीय."

सेहरा बांधला गेला. गल्लीच्या तोंडापर्यंत ढोल वाजले. मघाची बातमी आता उलट्या वाटेनं परत फिरली होती: तबियतीमुळे घाबरल्या होत्या म्हणे. ही दुरुस्ती कुणी केली, ते समजायला मार्ग नव्हता. पण अख्तरी ज्या पायरीवर उभी होती तिथूनच ती निघाली होती, हे गौहरबीनं टिपलं.

बसमध्ये बायका पुढं बसल्या होत्या. अख्तरी खिडकीशी, शेजारच्या सीटवर तिची पिशवी. गौहरबी तिला ओलांडून मागं जायला लागली, तेव्हा अख्तरीनं बाहेर बघतच पिशवी उचलून मांडीवर घेतली. गौहरबी बसली. डावीकडे बसमधली वाट, उजवीकडे अख्तरी आणि खिडकी. वाळूज मागं पडलं. मागं पोरी गाणी म्हणत होत्या.

"उतरल्यावर आधी अब्बाच्या घरी जायचं," अख्तरी अखेर म्हणाली. "शेरवानी अजून तिथंच टांगलेली आहे. मी कुणाला देऊ दिली नाही. तुम्ही माझ्याबरोबर आत या."

"येते."

"बोलायचं काही नाही. नुसतं बघायचं."

"हौ."

रस्त्यात खड्डा आला. बस आदळली आणि अख्तरीचं कोपर गौहरबीला चांगलंच बसलं.

"लागलं का?"

गौहरबी सवयीनं नाही म्हणणार होती. ते खरंही होतं. पण थांबून म्हणाली, "तिथं मला काही कळत नाही. सुईसुद्धा."

अख्तरी सकाळपासून पहिल्यांदा तिच्याकडे वळली. "मग मघाशी अन्सार...?"

"दिसला," गौहरबी म्हणाली. "कान तेवढा कळला."

अख्तरी तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर माफी नव्हती, रागही धड नव्हता. मग ती पुन्हा खिडकीकडे वळली. कोपर तिनं काढलं नाही. तेही गौहरबीला खाली बघितल्यावरच कळलं.